एच.एम.टी. परत चालू केला, त्याचा हिशोब

हस्ताच्या पावसानंतर वापसा आला आणि ज्वारीची पेरणी उरकली. पेरणीला जुना एच.एम.टी. बघून दोघातिघांचे फोन आले. खर्च किती आला, असलं डबडं दुरुस्त करणं परवडतं का. म्हणून सगळं एकदाच लिहितो.

गाडी एच.एम.टी. २५११. दोन सिलिंडर, २५ एच.पी. झेक झेटर कंपनीच्या सहकार्याने १९७१ पासून हरियाणात पिंजोरला बनायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८२ ला भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतली. २००६ च्या वैशाखात नांगरताना इंजिन जाम झालं आणि तेव्हापासून ती लिंबाखाली उभी. भंगारवाला दरवर्षी विचारायचा. द्यायचं नाव काढलं की अण्णा ताटावरून उठायचे. ते गेल्यावर मी सौदा केलाच होता, तर पोरगं आडवं आलं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय त्याने. म्हणला, "पप्पा, एक उन्हाळा द्या मला."

दिला. पण नुसता बघत बसणं आपल्याला जमत नाही, मग पाना धरायला मीपण गेलो.

नोझल काढून दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं. इंजिन हललं नाही. शेवटी हेड, सम्प उतरवून खालून लाकडी ठोकळा लावून पिस्टन ठोकून काढावे लागले. ह्या इंजिनला वेट लायनर आहेत, बाहेर ओढून नवीन बसवता येतात. बोअर करायची भानगड नाही, म्हणून तर हे शक्य झालं. क्रँक पंढरपूरला ग्राइंडिंगला दिला, त्या मापाचे बेअरिंग घातले. हेड फेसिंग करून घेतलं. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे. हे घरी करायचं काम नाही, तिथे पैसे वाचवू नका.

एक गोष्ट पोराकडून शिकलो. लायनर बसवल्यावर लगेच सम्प लावायचा नाही. ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खालून बॅटरी मारून बघायचं. लायनरच्या खालच्या रबरी रिंगेतून थेंब जरी आला तरी परत काढायचं. आमच्या दुसऱ्या लायनरला आला. रिंग बसवताना मीच पीळ पाडला होता. तसंच चालू केलं असतं तर ऑइलचं ताक झालं असतं.

आता जे लिहायला जड जातंय ते.

पिस्टन धुवून पोराने उन्हात ठेवले. अंगावर उभे ओरखडे, लायनरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. मग रेडिएटरचा खालचा होज काढला, तर तो वीतभर उभा फाटलेला. होज हातात धरून म्हणला, "पप्पा, ड्रायव्हरने सकाळी पाणी टाकलं नव्हतं म्हणून इंजिन गेलं असं तुम्ही सांगता. सकाळी पाणी नसतं तर नऊ वाजायच्या आत बसला असता. दुपारी चारपर्यंत चालला कसा?"

मी काही बोललो नाही. पाना पुसत बसलो.

खरं असं की होज फुगलाय, बदलून घ्या, हे ड्रायव्हरने मला सकाळीच सांगितलं होतं. जेवणानंतर तो डिझेल आणायला गेला आणि स्टेअरिंगवर मी बसलो. काटा लाल पट्ट्यात गेलेला मी बघितला. चार तास राहिले होते, म्हणलं एवढं उरकावं. तिसऱ्या तासाला इंजिन कण्हलं आणि बसलं. संध्याकाळी अण्णांना सांगितलं, ह्याने पाणीच टाकलं नव्हतं. त्याने पोराबाळांची शपथ घेतली. अण्णांनी माझं ऐकलं आणि त्याच रात्री हिशोब करून त्याला वाटेला लावलं. नऊ वर्षं होता आमच्याकडे.

पोराला हे सांगायला मला दोन दिवस लागले. ऐकून घेतलं, बोलला काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून म्हणला, "चला."

दोन गावं पलीकडं राहतो तो. आता सत्तरी झाली असेल. पूर्वी मला मालक म्हणायचा. दारात बघून म्हणला, "या पाव्हणं." मी सगळं सांगितलं. तो म्हणला, "मला माहीतच होतं की." चहा झाला. नंतर एवढंच म्हणला, की तुमच्या गावाकडच्या कुणी परत गाडीवर घेतलं नाही, उसाच्या टोळीत गेलो. त्या वर्षाची राहिलेली मजुरी मी खिशात नेली होती. घेतली नाही. सुनेच्या हातात द्यायला गेलो, तिनेपण घेतली नाही.

खर्च म्हणाल तर सेकंडहँड मागच्या टायरसकट ७१ हजार. पोराची मजुरी धरलेली नाही. नांगरटीला हा ट्रॅक्टर आता लावणार नाही. पेरणी, फवारणी आणि हलकी ट्रॉली, एवढ्याला बास. वजनाला हलका असल्याने आमच्या काळ्या रानात जमीन कमी दबते, हा फायदा. डिझेलचा हिशोब हंगाम झाल्यावर टाकतो.

चालू करायच्या दिवशी फिल्टरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, मग नोझलच्या नटांवर. चौथ्या सेल्फला धरलं. ऑइलचा दाब बघून बिनलोड चालवला, गार झाल्यावर हेड परत टाइट केलं.

पेरणीच्या दिवशी ड्रायव्हर आला होता. बोलावलं होतं पोराने, मला माहीत नव्हतं. बांधावर उभा राहिला. बस म्हणलं तर बसला नाही. दोन फेऱ्या ऐकून पोराला म्हणला, "मागच्या सिलिंडरचा टॅपेट ढिला हाय," आणि गेला.

संध्याकाळी पोराने कव्हर काढून गेज घालून बघितलं. ढिला होता.