बीड, पोलाद आणि अक्काची सायकल

साडेआठ किलोची वस्तू. एका हाताने उचलता येते. तरी ती गाडीत नीट ठेवायला आमच्या घरातली तीन माणसं दोन संध्याकाळी खपली, आणि त्यातला निम्मा वेळ वादात गेला.

वस्तू म्हणजे अक्काची कार्बनची सायकल. बँकेतल्या पगारातून तीन वर्षं पैसे बाजूला टाकून तिने ती सेकंडहँड घेतली. खरी किंमत घरात फक्त मला सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मी सायकलीला हात लावणंच सोडलं. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 मध्ये पहिल्यांदा झालेली ती ट्रायथलॉन तुम्ही ऐकून असाल. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावायचं. अक्काने तिच्यात नाव घातलं होतं. आता बेळगावहून सायकल पणजीला न्यायची म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी. पाऊस संपता संपता त्या रस्त्याची काय दशा असते, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको.

बाबांना यात काही अडचणच दिसेना. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यांनी तेहतीस वर्षं काढली. ट्रकवर माल चढवून बांधणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ. गल्लीत कुणाचं घर बदलायचं असलं की दोरी घेऊन पहिलं बोलावणं त्यांनाच. ते म्हणाले, "टपावर आडवी टाकूया आणि नायलॉनची दोरी आवळूया. हलली तर मला विचार." शेजारच्या काकांनी डिकीला लावायचा कॅरिअर आणून दिला. त्याला फ्रेमची नळी पकडणारे दोन चिमटे होते.

अक्का दोन्हीला नको म्हणाली. "तुम्ही बांधू नका बाबा, मी बघते."

बाबा काही बोलले नाहीत. दोरीचं वेटोळं करून त्यांनी खुंटीला अडकवलं आणि जेवताना टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आई मला हळूच म्हणाली, "तिला म्हणावं, नको म्हणालीस ते ठीक, का नको ते तरी सांग की."

दुसऱ्या दिवशी अक्काने सांगितलं. पोलादाची नळी कुठल्याही दिशेने सारखीच मजबूत असते. कार्बनचं तसं नाही. केसापेक्षा कितीतरी बारीक, पाच ते सात मायक्रॉन जाडीचे धागे एपॉक्सीच्या राळेत बुडवून थरावर थर चढवायचे, आणि प्रत्येक थराची दिशा आधी ठरवायची. पायडल मारणाऱ्याचा जोर, बसणाऱ्याचं वजन, खड्ड्याचा दणका जिकडून येणार, त्या बाजूला धागे लावलेले असतात. म्हणून एवढीशी फ्रेम माणसाला घेऊन उतारावरून सुटली तरी टिकते. पण बाजूने चिमट्यात धरून नळी दाबणं हा त्या हिशेबातला जोर नव्हे. नळीची भिंत काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर असते. आवळलेली दोरी तेच करते, वर घाटातला प्रत्येक हिसका त्या एकाच जागी बसतो. आणि पोलादाला पोचा आला तर तो दिसतो तरी. कार्बनच्या आत थर सुटले तरी वरचा रंग जसाच्या तसा राहू शकतो.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बीडासारखं म्हण की. पोलाद वाकून सांगतं. बीड वाकत नाही, एकदम तडकतं."

"तसंच काहीसं."

"मग वाजवून बघतेस की नाही?"

फाउंड्रीत ओतलेला नग हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर असण्याचा संशय. अक्का हसली. कार्बनची फ्रेमही नाण्याने टकटक करून तपासतात, हे तिला माहीत होतं. पण ती तपासणार होती पणजीला पोचल्यावर. बाबा म्हणाले, "निघायच्या आधी वाजव. सांध्याजवळ जाड असेल तिथे आवाज वेगळाच येणार. आत्ताचा आवाज कानात नसेल तर तिथे कशाशी ताडून बघणार?"

याला उत्तर नव्हतं. बाबांनी रुपयाचं नाणं घेतलं, डोळे मिटले आणि फ्रेमच्या डाव्या-उजव्या बाजू वाजवत गेले. अक्का वहीत लिहीत गेली. नाण्याने सगळंच कळतं असं नाही. शंका आली तर जाणकाराकडून तपासून घ्यावीच लागते. पण शंका यायला तरी कान लागतो.

मग सायकल मामांच्या अर्टिगात, आत ठेवायचं ठरलं. आत ठेवली की वारा नाही, पाऊस नाही, मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाण्याचा प्रश्न नाही. शेवटची सीट आणि मधलीचा एक भाग पाडला. चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणून दोन्ही चाकं काढली. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवली, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. फोर्कचे दोन पाय बाजूने दाबले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एक्सल परत बसवला. फ्रेम जुन्या गोधडीवर आडवी ठेवली, चेन आणि डिरेलरची बाजू वर. चाकं वेगळ्या पिशव्यांत. वर एकही बॅग नाही, आईने दिलेला कुंद्याचा डबासुद्धा माझ्या मांडीवर. बाबांनी शेवटी दोरीऐवजी दोन रुंद पट्टे घेतले. एक खोगिराच्या दांड्याला, एक हँडलच्या मधल्या धातूच्या भागाला, सरकणार नाही एवढेच ताणून. नळीला त्यांनी पट्टा लागू दिला नाही.

चोर्ल्याच्या वळणांवर बाबांनी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. मी मागे गोधडीचं टोक धरून बसलो होतो. साखळीत चहाला थांबलो तेव्हा गाडी सावलीत लावली, कारण बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते आणि टायरमधली हवा फुगते.

पणजीला पोचल्यावर बाबांनी आधी नाणं मागितलं. वही उघडून जागा एकेक करून वाजवल्या. मग म्हणाले, "काल वाजत होतं तसंच वाजतंय." चाकं बसवली, हँडलचा बोल्ट टॉर्क रेंचने त्यावर छापलेल्या 5 न्यूटन-मीटरपर्यंत कसला. तो पाना बाबांना फार आवडला. ठरल्या जोराला टक् करून थांबायला सांगणारं हत्यार आपल्या काळी असतं तर कितीतरी बोल्ट वाचले असते, म्हणाले.

संध्याकाळी अक्का सायकल जमा करायला आत गेली. आम्ही कठड्याबाहेर उभे. आत लांबच लांब आडव्या दांड्यांवर सायकली खोगिराने लटकावलेल्या होत्या. बाबा बराच वेळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले. मग मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघ, एकसुद्धा नळीला धरलेली नाही."