किरकोळ

आर्द्रा लागून चार दिवस झाले असतील. घोटीला त्या दिवसांत जसा पडतो तसा, म्हणजे समोरचे घर दिसू नये असा, पाऊस पडत होता, आणि आमची नात भातगिरणीच्या वळचणीखालून उचललेले एक पिवळट रंगाचे मांजराचे पिल्लू पोटाशी धरून दारात उभी होती. पिल्लाच्या अंगावर ओले तूस चिकटले होते. "आबा, हा बोका आहे. याला नाव पाहिजे," एवढेच ती म्हणाली, पण तिच्या त्या 'हा'पाशी मी अडखळलो. घटकाभरापूर्वीपर्यंत ते पिल्लू मराठी व्याकरणाच्या नपुंसकलिंगात सुखाने नांदत होते. मांजर, पाडस, कोकरू, वासरू यांना आपल्या भाषेने जी निरुपाधिक अवस्था बहाल केली आहे, तीत ना कुळाची काळजी, ना अब्रूची. 'ते'चा 'तो' झाला, की मात्र दाखला निघतो आणि दाखल्यात नावाचा रकाना असतो.

मादी असती तर प्रश्नच नव्हता. मांजरीने मनी, कुत्र्याने मोती आणि पोपटाने मिठू व्हावे हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे, आणि त्याची अंमलबजावणी पुष्कळ लिखित कायद्यांहून कडक आहे. बोक्याची तरतूद त्यात राहून गेली. 'मन्या' म्हणावे तर तो मनीचा घरजावई वाटतो, आणि 'वाघ्या' हे नाव, ज्यावर वस्तुतः मांजराचा वारसाहक्क, ते कुत्र्यांनी केव्हाच बळकावले आहे.

म्हणून मी अमरकोश काढला. अमरसिंहाने या प्राण्याची पाच नावे नोंदली आहेत. त्यांतली 'आखुभुक्' आणि 'वृषदंशक' ही उंदीर खाण्याच्या धंद्यावरून पडलेली, म्हणजे जवळजवळ आडनावेच. 'मार्जार' हे अंग पुसून-चाटून स्वच्छ ठेवण्यावरून, ज्यात निरीक्षण अधिक आहे. माझे मन मात्र 'ओतु' या शब्दावर बसले. ज्यांनी संस्कृत संधी घोकले असतील त्यांना आठवेल, की समासात ओतु आणि ओष्ठ हे शब्द पुढे आले असता पररूप संधी विकल्पाने होतो, असे कात्यायनाचे एक वार्तिक आहे, आणि त्यामुळे लठ्ठ बोक्याला 'स्थूलोतु' म्हटले तरी चालते आणि 'स्थूलौतु' म्हटले तरी चालते. एकाच नियमाच्या छायेत सुंदरीचा बिंबासारखा ओठ आणि कोणाच्या तरी माजघरातला गलेलठ्ठ बोका यांना शेजारी बसविणारे शास्त्र रुक्ष आहे असे म्हणणाऱ्यांची मला कीव येते. हे सारे मी नातीला समजावून सांगितले आणि पिल्लाकडे बोट करून म्हणालो, "ओतु!" ती म्हणाली, "काय ओतू, आबा? दूध?" नाव तिथेच बाद झाले.

आमच्या सौ. पंचांग घेऊन बसल्या. मघा नक्षत्राची अक्षरे मा, मी, मू, मे, आणि रास सिंह; तेव्हा जो प्राणी तोंड उघडताच 'म' उच्चारतो त्याची रास विचारायला ज्योतिषी कशाला, हा त्यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. परंतु त्याच पंचांगात पावसाच्या नक्षत्रांची वाहने दिलेली असतात, आणि आवणीच्या तोंडावर आमच्या भागात ती मोठ्या आस्थेने वाचली जातात. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, म्हैस, गाढव, हत्ती, आणि उंदीर. उंदराला मान आहे, मांजराला नाही. हा अन्याय कोणाच्या लक्षात कसा आला नाही?

समारंभाने ठेवलेले नाव टिकतेच असे नाही, हे घाटमाथ्यावरच्या माणसांना सांगावे लागत नाही. मुंबईच्या घाटांतून मालगाड्या चढविणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनांपैकी एकाला सर लेस्ली विल्सन या गव्हर्नरसाहेबांचे नाव होते. लोकांनी ती सबंध जातच 'खेकडा' ठरवली.

माझ्या लहानपणी आमच्या घराला लागून एक भातगिरणी होती. तिच्या वखारीत आढ्यापर्यंत साळीची पोती रचलेली असत, आणि पोत्यांमागे उंदरांचे एक स्वतंत्र संस्थान नांदत असे. त्यांच्या बंदोबस्तासाठी ठेवलेल्या करड्या बोक्याला रोज पावशेर दूध मंजूर झाले. पण तो खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, याचा दिवाणजींना पहिल्याच दिवशी पेच पडला. हमालीत तो बसेना, यंत्राच्या तेलपाण्यात बसेना, आणि धर्मादायात टाकावा तर बोका काही फुकटचे खात नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टाक बुडवला आणि कीर्दीत लिहिले : 'किरकोळ, दूध, पावशेर.' आठवड्याभरात गवळी 'किरकोळचं दूध' म्हणून हाक देऊ लागला, हमाल 'किरकोळ कुठं उलथला?' म्हणून एकमेकांना विचारू लागले, आणि कोंड्याच्या उबदार ढिगावर दुपारभर पसरणारा तो अजस्र प्राणी, ज्याला हमालांनी एकदा काट्यावर बसवले तेव्हा तो चांगला सहा शेर भरला, त्या नावाने हाक आली की डोळे न उघडता एक कान वळवू लागला. एवढ्या विशाल देहाला इतके लहान नाव, आणि तेही हिशेबाच्या सोयीसाठी पडलेले, पण मला ते अमरकोशातल्या पाचांहून सरस वाटते. एकदा वह्या तपासायला आलेल्या अंमलदाराने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हा किरकोळ कोण?" दिवाणजींनी मान न उचलता कोंड्याच्या ढिगाकडे टाक दाखवला. अंमलदाराने पाहिले, आणि पान उलटले.

एका श्रावणात, बोके जातात तसा, तो गेला. दिवाणजींनी नोंद मात्र थांबवली नाही. दिवाळीला वह्या बदलेपर्यंत ती ओळ रोज कीर्दीत पडत होती आणि दूध रोज संध्याकाळी वखारीच्या उंबऱ्याशी ठेवले जात होते. सकाळी परळ रिकामा असे. उंदीरही दूध पितात.