शेवटचं अक्षर

काचीगुडा, हैदराबाद

चि. मीनल,

तुझ्या सईची मराठीची वही वाचून झाली. उद्या काकांबरोबर पाठवते. तू फोनवर म्हणालीस, ‘हिला ऱ्हस्व-दीर्घ जमायचंच नाही.’ मला तसं अजिबात वाटत नाही. का, ते सविस्तर लिहिते.

तिने ‘लाडु’, ‘चाकु’ लिहिलंय. हा आळस नव्हे, तिला ऐकू येतं तसं तिने लिहिलंय. शाळेत, खाली खेळताना ती तेलुगू ऐकते, आणि तेलुगूत ऊरु, पालु, नीरु अशा शब्दांचा शेवटचा उकार ऱ्हस्वच. बस आणि कारसुद्धा तिथे ‘बस्सु’, ‘कारु’ होतात. मराठीत इकार-उकार शब्दाच्या शेवटी आला की दीर्घ. म्हणून संस्कृतातले कवि-गुरु आपल्याकडे कवी-गुरू झाले. तेच समासात पहिल्या जागी बसले की पुन्हा ऱ्हस्व : कविराज, गुरुवर्य. तिला दोन रकाने आखून दे, एकात तेलुगू शब्द, एकात मराठी. फरक तिचा तिलाच सापडेल.

‘फूल’ तिने बरोबर लिहिलं, पण पुढच्याच ओळीत ‘फूलाला’. नियम पाठ करून घेऊ नकोस, मोठ्याने म्हणायला लाव : फूल, फुलाला, सून, सुनेला, विहीर, विहिरीत. शेवटून दुसरं अक्षर प्रत्यय लागताच मागे सरतं आणि आखूड होतं. जिभेला ते आधीच ठाऊक आहे.

आता ‘आणी’. इथे तिने नियम पाळला आणि तरी चुकली! ‘पाणी’ दीर्घ, मग ‘आणि’ ऱ्हस्व का, असं ती विचारणारच. इथे शब्दाची जात पाहावी लागते. पाणी हे नाम, आणि हे उभयान्वयी अव्यय. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ‘आणि’, ‘नि’ हे दोन शब्द ऱ्हस्वच ठेवले. परंतु, तथापि अशी संस्कृतातून आलेली अव्ययंही तशीच राहिली. मात्र सगळी अव्ययं ऱ्हस्व असं सांगू नकोस. जरी, तरी, खाली दीर्घच आहेत.

म्हणूनच सांगते, नाम-सर्वनामापासून केवलप्रयोगीपर्यंत आठ जातींच्या व्याख्या तिच्यापुढे एकदम ओतू नकोस. अक्षराची जागा आणि शब्दाचं काम एकत्रच दाखव. तिचंच वाक्य घे : ‘आम्ही गोवळकोंडा वर गेलो. वर चढून खूप दमलो.’ दुसऱ्या वाक्यातला ‘वर’ क्रियाविशेषण, तो सुटाच राहतो. पहिल्यातला शब्दयोगी, तो नामाला जोडून लिहायचा, आणि जोडताना नाम बदलतं : गोवळकोंड्यावर. हिंदीत ‘पर’ सुटा लिहितात, तेच तिच्या हाताने इथे केलंय.

अक्षराच्या जागेला मान देणं या शहराला नवं नाही. चारमिनारकडे गेलात की उर्दू पाट्या दाखव तिला. तिथे ‘बे’ शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं आणि शेवटी तिसरंच रूप घेते.

तीन भाषांत वाढते म्हणून तिचं मराठी कच्चं राहील, ही भीती सोड. इथलं मराठी नेहमी शेजारणींसोबतच वाढलं. निजामाच्या काळी शिक्षणात उर्दूचा वरचष्मा असताना विवेकवर्धिनी शाळेने इथे मराठी मुलं शिकवली. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन याच गावात भरलं. सईच्या कानावर दोन भाषा जास्त आहेत, म्हणून मराठीचं वेगळेपण तिला पुण्याच्या मुलापेक्षा लवकर दिसेल. फक्त कुणीतरी रोज शेजारी बसून दाखवायला हवं. तुला कामावरून यायला उशीर होतो, तर शनिवार-रविवार तिला माझ्याकडे धाडत जा.

तुझी,
मावशी