इरुंगट्टुकोट्टईची तिसरी फेरी

कोल्हापूरच्या बाहेरून जाणारा मुंबई-बंगळुरू महामार्ग सोडायचा नाही, सरळ दक्षिणेला निघायचे. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बंगळुरू, वेल्लोर असे करत नऊशेहून अधिक किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते आणि त्यानंतर थोड्याच वेळात इरुंगट्टुकोट्टई. जुने ड्रायव्हर अजूनही ज्याला ‘एनएच फोर’ म्हणतात, त्या रस्त्याचा क्रमांक आता 48 आहे. उद्यमनगरात छोटेसे गॅरेज चालवणारा एक हौशी चालक याच रस्त्याने आपली जुनी एस्टीम टेंपोत चढवून निघाला होता. मागच्या सीटा, दारांच्या आतले पुठ्ठे, रेडिओ असे सारे काढून टाकलेली ती गाडी पाहून टोलनाक्यावरच्या माणसाने विचारले, ‘‘भंगारात चाललीय का?’’

भंगारात नव्हे, शर्यतीला. चेन्नईच्या मध्यापासून सुमारे 40 किलोमीटरवर, मोटारींच्या मोठ्या कारखान्याच्या शेजारीच मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा ट्रॅक आहे. लांबी 3.7 किलोमीटर, वळणे बारा. 1990 साली तो सुरू झाला. त्याआधी क्लबच्या शर्यती शहराच्या उत्तरेला शोलावरमला होत. दुसऱ्या महायुद्धातली ती विमानांची धावपट्टी. युद्ध संपले, विमाने गेली आणि मोकळ्या पट्टीवर गवताच्या पेंढ्यांची वळणे मांडून मोटारी पळू लागल्या. तेव्हा हा शौक राजेरजवाड्यांचा आणि उद्योगपतींचा होता. सामान्य माणसाला तो थोडासा आवाक्यात आणला कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी. मारुती 800 चे इंजिन बसवून त्यांनी स्वस्तातली शर्यतीची गाडी तयार केली. 1995 साली विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे.

थोडासा आवाक्यात, एवढेच. फेडरेशनचा परवाना, प्रवेश फी, आग न लागणारा पोशाख, हेल्मेट, टायर, टेंपोचे भाडे हा सारा हिशेब पत्नीच्या वहीत होता. मुलीची फी भरून उरलेल्या पैशातले हे वर्ष होते. ठरले होते असे की चेन्नईच्या पहिल्या टप्प्यात पहिल्या दहात नंबर आला तर पुढे कोइम्बतूर, नाही तर यंदाचा हंगाम तिथेच संपला. वहीत तसे लिहिलेही होते.

पर्यटक म्हणून इथे येणाऱ्याने सकाळी लवकर यावे. शर्यतीच्या दिवशी खरी गंमत ट्रॅकपेक्षा पॅडॉकमध्ये असते. पत्र्याच्या शेडखाली एकीकडे मोठ्या संघांचे गणवेशातले मेकॅनिक आणि लॅपटॉप, दुसरीकडे एक टूलबॉक्स, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि गॅरेजमधला पोऱ्या. तपासनीस येतात, गाडीतला लोखंडी पिंजरा ठोकून बघतात, अग्निशामक, सहा पट्ट्यांचा बेल्ट, बाहेरून बॅटरी तोडण्याचा स्विच पाहतात. वळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल बहुतेक स्वयंसेवक असतात. उन्हात दिवसभर उभे राहायचे, वर दहीभाताचे पाकीट. त्यांच्या भरवशावर सगळे चालते, पण त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

शनिवारी सकाळच्या पात्रता फेरीत एस्टीम बारावी आली. वाईट नव्हते. बारा जणांतून दोघांना मागे टाकायचे, आठ फेऱ्यांत. पत्नी आणि मुलगी स्टँडमध्ये छत्री धरून बसल्या होत्या. जूनअखेरचे चेन्नईचे ऊन कोल्हापूरच्या माणसाला सोसत नाही. तिकडे त्या दिवसांत पाऊस सुरू झालेला असतो.

लाल दिवे विझले. सुरुवात छान झाली. मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी ‘सी-वन’ हे वेगवान उजवे वळण आहे. तिथे ब्रेक उशिरा लावायला छाती लागते. पहिल्याच फेरीत त्याने एकाला तिथे गाठले. दुसऱ्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासून बाहेर गेल्या. नववा नंबर! स्टँडमध्ये मुलगी बाकावर उभी राहिली.

तिसऱ्या फेरीत तापमानाचा काटा वर सरकू लागला. त्याला तो दिसला. गॅरेजमध्ये रोज गिऱ्हाइकांना तोच सांगत असे की काटा वर गेला की गाडी ताबडतोब बंद करा. पण नववा नंबर होता. त्याने अर्धी फेरी आणखी ओढली. मग बॉनेटमधून वाफेचा लोट आला, समोरची काच आंधळी झाली. मार्शलांनी निसरड्या रस्त्याचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवला आणि एस्टीम गवतात जाऊन उभी राहिली.

दोरी बांधून गाडी शेडमध्ये आणली, तेव्हा पोऱ्या आधी खाली वाकला. ‘‘मालक, हौजची क्लिप निसटलीया.’’ रेडिएटरच्या रबरी नळीची, हातभर दुकानात कुठेही मिळणारी क्लिप. जुनीच परत आवळली होती. इंजिन नवे बांधताना पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळे तोलूनमापून बसवले, आणि ही राहिली. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखे झालेले. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेले, गॅस्केट फुटले आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकले असणार. रविवारची दुसरी शर्यतही गेली.

बराच वेळ तो टायरवर बसून होता. शेजारच्या शेडमधला एक तमिळ चालक आला, गाडीकडे पाहून त्याने काही न बोलता ताकाची बाटली पुढे केली.

रविवार मोकळाच होता. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, इथवर आलोय तर कांचीपुरम पाहून येऊ.’’ इरुंगट्टुकोट्टईला येणाऱ्या कुटुंबाने ते खरेच चुकवू नये. आधी श्रीपेरुंबुदूरला रामानुजाचार्यांच्या जन्मस्थळाचे मंदिर आणि 1991 साली राजीव गांधींची हत्या झाली तिथले स्मारक, मग पुढे कांचीपुरम. कैलासनाथ मंदिर पल्लव राजांच्या काळातले, आठव्या शतकाच्या सुमाराचे; मऊ वालुकाश्मातले झिजलेले सिंह मुलीला फार आवडले. बाजारात रेशमी साड्यांची दुकाने ओळीने आहेत. पत्नीने दोन दुकानांत साड्या उलगडून पाहिल्या आणि घडी घालून परत दिल्या. तो दाराशी चपलांजवळ उभा होता, त्याने पाहिले.

संध्याकाळी टेंपो परतीला लागला. राणीपेटच्या पुढे चहाला थांबल्यावर तिने वही काढली. कोइम्बतूरची ओळ अजून खोडलेली नव्हती.

‘‘हेड सरळ करून घ्यायला किती लागतील?’’ तिने विचारले.

त्याने आकडा सांगितला. तिने लिहिला.

‘‘आणि ती क्लिप?’’

‘‘अगं, ती काय, अगदी किरकोळ.’’

तिने त्याच्याकडे न पाहता खाली लिहिले, ‘क्लिपा – नव्या, सगळ्या.’