कोपरा कोण धरणार?

कबड्डी खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, "तू काय खेळतोस रे?" उत्तर ठरलेलं असतं. "चढाई!" आमच्या गावातही तेच. (गाव अंबड तालुक्यातलं, जिल्हा जालना. नातेवाइकांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगितलं.) संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर पंधराएक पोरं जमतात आणि चढाईला जायला सगळी एका पायावर तयार असतात. मग कोपरा कोण धरणार असं विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बघायला लागतो.

ज्यांनी फक्त टीव्हीवर कबड्डी पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानावर एका संघाचे सात जण असतात. दोन टोकांना उभे राहतात ते कोपरारक्षक. समोरचा गडी चढाई करत आत आला, बोनस रेषेपलीकडे पाय टाकायला लागला, की तो पाय धरायचं काम कोपऱ्याचं. एकदा घोटा धरला की सोडायचा नाही, तोवर बाकीचे येऊन झडप घालतात. पकड निसटली तर गुण समोरच्याला आणि आपण मैदानाबाहेर. तोंडावर टाच बसते, कोपर सोलवटतात, मातीचं मैदान असेल तर विचारूच नका. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? "अमक्याच्या खोलवर चढायांनी विजय"! घोटा धरणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर.

आमचा भाचा सिडनीला असतो. तो तिकडे रग्बी लीग बघतो. मागे फोनवर सांगत होता, "मामा, आमच्या इथल्या पोरांच्या संघाला प्रॉप मिळत नाहीत." म्हटलं, हे काय प्रकरण? तर तेरा जणांच्या संघात पहिल्या फळीत दोन दणकट गडी असतात, अंगावर ८ आणि १० नंबर. चेंडू छातीशी धरायचा आणि सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचं. चार पावलं पुढे सरकायचं, पडायचं, उठायचं, परत आदळायचं. सहा वेळा अडवलं की चेंडू समोरच्यांकडे जातो, म्हणून आधीच्या दोन-तीन वेळेला जागा कमवून द्यायची ती यांनी. गुण शेवटी कडेने पळणारा एखादा चपळ पोरगा घेऊन जातो. मी म्हटलं, अरे, हा तर आमचा कोपराच झाला!

त्याने उपायही सांगितले. गडी बाहेरून आणा, किंवा दुसऱ्या जागेवरच्याला तिथे बसवा, किंवा दुसऱ्या खेळातला दांडगा धरून आणा. गंमत म्हणजे आमच्या मंडळाने हे तिन्ही करून झालेलं होतं.

बाहेरून आणायचं म्हणजे काय ते मोठ्या संघांकडे बघून कळतं. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटीला घेतलं. या लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला, आणि तो चढाईवाला नाही, डावा कोपरा! २०२३ मध्ये पुणेरी पलटणने दुसऱ्या इराण्याला, मोहम्मदरझा शादलूला, २ कोटी ३५ लाखांना आणलं आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. म्हणजे ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना कोपऱ्याची किंमत बरोबर कळते.

आमच्या खिशात वर्गणी. तरी एका वर्षी मंडळाने शेजारच्या तालुक्यातून एक गडी आणला. सामन्याचे पैसे, वर पेट्रोल आणि जेवण. खेळला झकास. दोन आठवड्यांनी पुढच्या स्पर्धेत मैदानात उतरतो तर हाच पठ्ठ्या समोरच्या संघाच्या कोपऱ्यात उभा! आमच्या पोरांनी त्याला रामराम घातला आणि हरून आली.

मग तालमीतला पैलवान आणला. अंगात ताकद भरपूर, पण पहिली अडचण काट्यावर आली. गावोगावच्या बऱ्याच स्पर्धा ६५ किलो वजनी गटाच्या असतात. गडी ७८ किलोचा. खुल्या गटात उतरवला तर दुसरीच गंमत. त्याने चढाईवाल्याला उचलून सरळ मातीत पाडला, छातीवर बसला आणि आमच्याकडे बघून हसला. खालच्याने हात लांबवून बोटं मधल्या रेषेला लावली. पकडीला धावलेले आमचे तिघंही बाद! कुस्तीत समोरच्याला चीत करायचं असतं, कबड्डीत त्याला रेषेपासून तोडायचं असतं. पैलवान भला माणूस. "काका, आपलं काम न्हाई हे," म्हणून तालमीत परत गेला.

तिसरा उपाय मात्र लागू पडला. मध्ये खेळणारा एक शिडशिडीत पोरगा होता, त्याला उजव्या कोपऱ्यात उभा केला. वजन नाही, पण नजर चांगली. पाय कधी येणार हे त्याला अर्धा क्षण आधी कळतं. घाई करायची नाही, डोळ्यांकडे बघायचं नाही, फक्त पायांकडे बघायचं, हे अंगात मुरायला दोन पावसाळे गेले. पण मुरलं. डावा कोपरा तेवढा रिकामा राहिला.

आता हा डावा कोपरा रिकामा का? आमच्याकडे दोन सख्खे भाऊ आहेत. दोघंही कोपरा धरायला जन्मलेले. धाकट्याने घोटा धरला की समोरचा नुसता फरफटत राहतो, सुटत नाही. पण दसरा झाला की त्यांच्या घराला कुलूप लागतं. ऊसतोड. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. धाकट्याचं लग्न झालेलं नाही, म्हणून तो अर्धा कोयता. घरं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. आणि स्पर्धा कधी असतात? दिवाळीनंतर थंडीत, फार तर २६ जानेवारीच्या आसपास!

एकदा वहीत सहज नावं लिहून बघितली. गावात दणकट, पकडीची पोरं किती? नऊ निघाली. त्यातली चार ऊसतोडीला. दोन जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलतात, एक मोसंबीच्या गाड्या भरतो, दोन जिनिंगवर आहेत. कापसाचा हंगामही नेमका थंडीतच. म्हणजे ज्यांच्या हातात पकड आहे त्यांच्या हाताला काम आहे, आणि एक दिवस खेळायचं तर एक दिवसाची हजेरी बुडते. चढाईवाली पोरं बहुतेक कॉलेजातली, घरी थोडीफार शेती. त्यांचा दिवस बुडाला तरी चूल पेटते. आम्ही इतकी वर्षं "गावात ताकदीचे गडी राहिले नाहीत" म्हणत होतो. गडी होते की! त्यांना सुट्टी नव्हती.

भाच्यामुळे त्या रग्बी लीगबद्दल थोडं वाचलं, तर आणखी एक मजेशीर गोष्ट हाती लागली. हा खेळ जन्मालाच मुळी या भांडणातून आला. उत्तर इंग्लंडमध्ये खाणीत आणि गिरण्यांत राबणारी माणसं रग्बी खेळायची. शनिवारीही काम असायचं, सामन्याला गेलं की मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, तेवढी भरपाई आम्ही देतो. वरचे साहेब लोक म्हणाले, खेळात पैसा नको. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब जमले आणि वेगळे झाले. बुडालेल्या दिवसाचे जास्तीत जास्त ६ शिलिंग द्यायचे असं ठरलं. पुढे त्यांचे नियमही बदलत गेले आणि तीच झाली रग्बी लीग. साहेबाच्या घरी शनिवारी चूल कशी पेटते हा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांना पैसा वाईट दिसत होता.

हे मी मारुतीच्या पारावर मंडळाच्या बैठकीत सांगितलं. एक जुने खेळाडू लगेच उसळले, "खेळायचे पैसे? आमच्या वक्ताला भाकरी बांधून चालत जायचो!" मी म्हटलं, "दादा, खेळायचे नाहीत. बुडालेल्या हजेरीचे." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमचा कर्णधार, जो स्वतः चढाईला जातो, म्हणाला, "काका, बक्षिसातून टी-शर्ट आणि फ्लेक्स पुढच्या साली केला तर काय बिघडतं?" तिथे विषय संपला. बक्षीस आणि वर्गणीतून पहिला वाटा हजेरीचा. ज्याची बुडाली त्याला, जेवढी बुडाली तेवढी. ज्याची बुडाली नाही त्याला काही नाही.

मोंढ्यातल्या पोराच्या घरी मी स्वतः गेलो. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भाऊ, अन् हात मोडला तर?"

याचं उत्तर बैठकीत कुणी काढलंच नव्हतं. परत पारावर बसलो. वर्गणीतून एक रक्कम बाजूला ठेवायची, हात-पाय मोडला तर महिनाभराची हजेरी त्यातून, असं ठरलं आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ती वही वहिनींना दाखवली, तेव्हा पोरगा मैदानावर आला.

त्या हिवाळ्यात आम्ही तीन स्पर्धा खेळलो. एका ठिकाणी अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि चार गुणांनी हरलो. पण मैदानात तिघंच उरलेले असताना आमच्या डाव्या कोपऱ्याने घोटा धरला आणि अव्वल पकडीचे दोन गुण मिळाले, तेव्हा आमच्या गावची माणसं पहिल्यांदा कोपऱ्यासाठी ओरडली. हे मी ऐकलंय.

तर प्रश्न सुटला म्हणायचा का? एप्रिलमध्ये ते दोघं भाऊ परत आले. संध्याकाळी धाकटा मैदानावर आला, चेहरा उन्हाने काळवंडलेला, अंगावरचं मांस उतरलेलं. डाव्या कोपऱ्यात मोंढ्यातला पोरगा उभा. हा बाजूला उभा राहून बघत राहिला आणि मग म्हणाला, "काका, मी मधात खेळू का?"

एका दिवसाची हजेरी आम्ही भरू शकतो. सहा महिन्यांचा अर्धा कोयता आम्हाला भरता येत नाही, तेवढी उचल मंडळाच्या सात वर्षांच्या वर्गणीतही बसत नाही. दुसऱ्या गावांच्या स्पर्धा कधी व्हाव्यात हेही आमच्या हातात नाही. पण आमच्या गावची स्पर्धा आमच्या हातात आहे. ती इतकी वर्षं २६ जानेवारीला व्हायची. यंदापासून अक्षय्य तृतीयेनंतर, रात्री, दिवे लावून घ्यायची असं ठरलंय. ऊन म्हणून कुरकुर झाली, लाइटचा खर्च वाढतोय, एकदोन पाहुणे संघ येणार नाहीत म्हणालेत. येऊ देत किंवा न येऊ देत. तोवर गावातली कुलपं उघडलेली असतात.

बारा जणांची यादी तयार आहे आणि त्यात डावे कोपरे दोन आहेत. कुणाला जमलं तर या बघायला. आणि चढाईवाल्याकडे सगळेच बघतात हो, तुम्ही जरा कोपऱ्याकडे बघा.