अबोली

संध्याकाळी अंगणात पाऊल टाकावे, तो मोगरा दृष्टीस पडण्यापूर्वीच आपली वर्दी देतो. रातराणीचा सुगंध तर कुंपण ओलांडून रस्त्यापर्यंत जातो. त्याच अंगणात तुळशीवृंदावनाच्या कडेला हातभर उंचीचे एक झुडूप मात्र मुकाट्याने उभे असते. त्याच्या हिरव्या कणसांत खालून वर एकेक फूल उमलत जाते. निमुळती नळी, तिच्यावर पाच पाकळ्यांचा पसरट पंखा आणि केशरी व गुलाबी यांच्या सीमेवरचा कोवळा रंग! रूप असे, पण सुगंध नाही. सुगंध ही फुलाची वाणी. ती नाही, म्हणून लोक या फुलाला म्हणू लागले 'अबोली', म्हणजे न बोलणारी.

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे. अबोलीच्या बारशाला यांपैकी नेमके काय घडले? कानडी आणि तमिळ मुलखांत हेच फूल 'कनकांबर' म्हणून ओळखले जाते. कनकांबर म्हणजे सुवर्णाचे वस्त्र. तिच्या शास्त्रीय नावातील 'इन्फंडिब्युलिफॉर्मिस' या शब्दाचा अर्थ आहे नरसाळ्याच्या आकाराची. कोणी रंग पाहिला, कोणी आकार पाहिला. मराठी माणसाने मात्र तिचे मौन टिपले.

पण ते मौन कोणाला उणे वाटले नाही. कोकणात आणि गोव्यात अबोलीच्या वेण्या हौसेने माळल्या जातात. मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या दिवशी काळवंडतो. अबोली त्यानंतरही टवटवीत राहते. तिचा रंग तर एवढा मनात भरला, की लुगड्याच्या रंगालाही 'अबोली' हेच नाव मिळाले. जिला वाणी नाही, तिने भाषेला एक शब्द दिला!

आणि अबोली खरोखरच कधी बोलत नाही काय? फुले गळून गेल्यावर कणीस वाळते. त्यात चार-चार बिया असलेली लहान, टणक बोंडे असतात. पावसाचे पाणी लागले, की ही सुकी बोंडे तडतड आवाज करीत फुटतात आणि बिया दूर उडवितात. वाळलेले कणीस वाटीभर पाण्यात बुडविले, तरी थोड्या वेळाने तोच आवाज ऐकू येतो. जेथे बी पडते, तेथे पुढे नवे रोप उगवते.

वर्गातही एखादा विद्यार्थी शेवटच्या बाकावर गप्प बसलेला असतो. त्याला 'मुखदुर्बळ' असे नाव ठेवून मोकळे होण्यापूर्वी त्याच्या सोबत्यांनी पावसाची एक सर येईपर्यंत तरी वाट पाहावी.