कातून झाल्यावर

ओल्या लाकडाला पटाशी लागली की आधी बाहेर पडतं ते पाणी. सकाळी तोडलेल्या झाडाचा तुकडा विजेच्या लेथवर चढवून जोरात फिरवला, तर कातणाऱ्याच्या सदऱ्यावर, छातीच्या उंचीला, बारीक तुषारांची आडवी रेघ उमटते. भुसा उडत नाही, नाक चुरचुरत नाही. धारेखालून लांबच लांब, मऊ सालपटं सुटत राहतात, मनगटावर वेटोळी घालतात, झटकली की पायाशी जाऊन पडतात. काकडी सोलताना निघावीत तशी. हाताला थंड लागतात, आणि चाळीस-पन्नास पावसाळे पाहिलेलं लाकूड इतकं कोवळं कसं, असा प्रश्न पडतो.

मराठीत सूत कातलं जातं आणि लाकूडही कातलंच जातं. एकीकडे तंतूला तंतू जोडत जायचं, दुसरीकडे तंतूवरून तंतू उतरवत जायचं. गरगर फिरणं तेवढं दोन्हीकडे सारखं. लाकूड कातणारा तो कातारी आणि त्याच्या हातून निघालेलं ते कातीव. पुढे नाकंही कातीव झाली आणि लेखकांची वाक्यंही. कातीव म्हटलं की रेखीव, ठाशीव, आता यात काही बदलायचं नाही असं काहीतरी मनात येतं. ओलं लाकूड कातणाऱ्याला मात्र हा शब्द वापरताना जरा हसू येत असावं. त्याने गोल कातलेली वस्तू गोल राहत नाही, आणि हे त्याला कातण्याआधीच ठाऊक असतं.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्न नावाच्या खडूच्या टेकड्या आहेत. त्यांच्यावर बीच वृक्षांची दाट रानं आहेत (इथे बीच म्हणजे समुद्रकिनारा नाही, गुळगुळीत राखी सालीचं सरळसोट झाड), आणि पायथ्याशी हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. विंडसर खुर्ची इथली. बैठक एल्मच्या जाड फळीची, पाय बीचचे. आपल्याकडचा वावळा या एल्मच्याच कुळातला. 1873 मध्ये मूडी आणि सँकी या अमेरिकी धर्मप्रचारकांच्या सभांसाठी विकमने 19,200 खुर्च्या करून दिल्या, आणि 1875 च्या सुमारास गावातले कारखाने मिळून दिवसाला अंदाजे 4,700 खुर्च्या काढत. म्हणजे रोज जवळजवळ एकोणीस हजार पाय.

यातले कितीतरी पाय कारखान्यात होतच नसत. ते रानात होत. रानात काम करणाऱ्या त्या कातारींना नंतरच्या काळात ‘बॉजर’ हे नाव चिकटलं. इंग्रजीत त्याच्या अगदी जवळचा शब्द कामचलाऊ, ओबडधोबड कामासाठी वापरतात. ज्यांचा पाय दुसऱ्याच्या हातच्या बैठकीत बिनतक्रार बसायचा, त्यांच्या वाट्याला हे नाव यावं, याला अन्यायच म्हणायचं.

बॉजर उभी झाडं विकत घ्यायचा, निवडून तोडायचा, आणि झाड पडलं तिथेच पालं ठोकायचा. कारण साधं होतं: वजन. ताज्या ओंडक्यात कधीकधी कोरड्या लाकडाच्या वजनाइतकंच पाणी असतं. शिवाय साल, ढलप्या, सालपटं असं बरंच काही वाया जाणार. ते सगळं बैलाच्या नाहीतर घोड्याच्या पाठी कशाला घालायचं? पाणी रानातच राहू द्यायचं, पाय तेवढे गावात न्यायचे. मोजणीही गमतीची होती. ग्रोस म्हणजे 144 नग, पण बॉजरच्या एका ग्रोसात 144 पाय आणि त्यांना जोडणाऱ्या 108 आडव्या काठ्या असत. छत्तीस खुर्च्यांचा खालचा सांगाडा. बैठक दुसरा कोणी कोरायचा, जोडणी तिसरा करायचा. आयुष्यभर खुर्चीचे पाय करणाऱ्या या माणसाने पुरती खुर्ची बहुधा एकही केली नसेल.

ओंडक्याचे पायाच्या लांबीचे तुकडे करवतीने पाडले की करवतीचं काम संपलं. पुढे पाचर आणि लाकडी मोगरी. करवत स्वतःच्या रेषेत चालते, पाचर लाकडाच्या. तुकडा फाडला की फट तंतूंच्या बाजूने पळत जाते, त्यामुळे प्रत्येक फाळक्यात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. विंडसर खुर्चीचे पाय इतके सडसडीत असूनही भरभक्कम माणसाला पेलतात, त्याचं मर्म या फाडण्यात आहे. मग कुऱ्हाडीने कडा उडवायच्या, दोन मुठींच्या सुरीने अंगाकडे ओढत फाळकं साधारण गोल करायचं, आणि ते लेथवर चढवायचं.

लेथ म्हणजे तरी काय, दोन लाकडी खुंट, त्यांना समोरासमोर बसवलेली दोन लोखंडी टोकं आणि त्या टोकांत पकडलेला तुकडा. तुकड्याला दोरीचा वेढा. दोरीचं वरचं टोक डोक्यावर आडव्या धरलेल्या लवचीक, लांब वाशाला, खालचं टोक पायाखालच्या फळीला. पाय दाबला की तुकडा कातणाऱ्याकडे फिरतो. तेवढ्यात पटाशी टेकवायची. पाय सुटला की वासा दोरी वर खेचतो, तुकडा उलटा फिरतो. तेवढ्यात पटाशी केसभर मागे. दाब, कात, सोड. दाब, कात, सोड. निम्मा वेळ लाकूड उलटंच फिरत असतं. कोरड्या, टणक लाकडावर या पायगतीत माणूस दमून जाईल. ओल्या लाकडात पाण्याने तंतू मऊ असतात, धार टिकते, आणि सरावलेल्या हाताखालून काही मिनिटांत पाय उतरतो. मग त्याच पायांची चळत रचून ते वाऱ्याला सोडायचे.

खरी गोष्ट इथे सुरू होते.

लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. दोरीवर टाकलेल्या गोधडीसारखं, आधी नुसतं टपकणारं पाणी जातं. त्याने वजन घटतं, आकार मात्र तसाच राहतो. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांवर आला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आक्रसू लागतं. तेही सगळीकडून सारखं नाही. बीच पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने सुमारे बारा टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मा, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. घरातल्या हवेत तो पूर्ण कोरडा होत नाही, म्हणून हिशेब थोडा कमी धरायचा. तरीही चाळीस मिलिमीटर जाडीचा गोल पाय वाळून एका बाजूने दुसरीपेक्षा दीडेक मिलिमीटर बारीक होतो. डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत धरून फिरवला तर कळतं. जुन्या लाकडी सामानाचे जाणकार याच फरकावर नजर ठेवतात; शंभर वर्षांचा म्हणून विकायला आलेला पाय मापाला अगदी गोल निघाला तर त्यांच्या भुवया वर जातात.

हा खट्याळपणा कामालाही लावता येतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन अलेक्झांडर यांनी 1978 मध्ये झाडापासून थेट खुर्ची करण्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली युक्ती फार जुनी, पण पटकन पटणारी आहे. आडव्या काठ्या आधी खडखडीत वाळवायच्या, उभे खांब किंचित ओले ठेवायचे. काठीच्या टोकाचं कोरडं कुसू खांबाच्या ओलसर भोकात ठोकून बसवलं की खांब पुढे वाळत, आक्रसत त्याला आवळत जातो, आणि कुसू हवेतला ओलावा घेऊन जरासं फुगतं. खिळ्याची गरज पडत नाही.

प्रत्येक कातकामाला ओलं लाकूड चालत नाही, हेही सांगायला हवं. सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची खेळणी घ्या. तिथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. आत पाणी शिल्लक असलं तर वरचा लेप कसा टिकणार? तिथे वाळलेलंच लाकूड हवं.

वाडग्यांची तऱ्हा आणखी वेगळी. बर्कशरमधल्या बकलबरी गावच्या माळावर जॉर्ज लेली नावाचा कातारी पायाच्या लेथवर एल्मचे वाडगे करायचा. स्वतः घडवलेली, आकडीसारखी वाकलेली हत्यारं घेऊन तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे सोडवायचा. कांद्याच्या पाकळ्या सुट्या कराव्यात तसे. 1958 मध्ये तो वारला. मागे शिष्य नव्हता. त्याचा लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात गेली. पुढे रॉबिन वुड यांनी त्या मुक्या लोखंडाचे बाक बघून, तशीच हत्यारं ठोकून, ही विद्या पुन्हा हाताला लावून घेतली. संग्रहालयातल्या वस्तूंकडून इतकं शिकणारी माणसं विरळाच.

वाडगा वाळताना पायापेक्षा जास्त रुसतो. तंतूंच्या दिशेने त्याचा व्यास तसाच राहतो, आडवा घटतो, काठ कुठे उचलला जातो, कुठे बसतो. गाभ्याचा मधला बिंदू लाकडात राहून गेला तर तिथून चीर ठरलेली, म्हणून ओंडका आधी गाभ्यातून उभा चिरतात. काही कातारी वाडग्याची भिंत पातळ करून त्याला हवा तसा वाकू देतात. जर्मनीचे अर्न्स्ट गाम्पर्ल तर ओल्या ओकची अजस्र भांडी कातताना ती कुठे आणि किती वाकतील याचाच आराखडा धरून चालतात. वादळात उन्मळलेल्या ओकच्या अशाच एका भांड्याला 2017 मध्ये लोएव्हे प्रतिष्ठानचा पहिला हस्तकला पुरस्कार मिळाला.

बाकीचे लोक दोन वेळा कातण्याचा कंटाळवाणा मार्ग धरतात. पहिल्यांदा भिंत जाड ठेवायची, व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. मग वाडगा त्याच्याच सालपटांसकट कागदी पिशवीत घालायचा, म्हणजे वाऱ्याची झळ एकदम लागत नाही. अधूनमधून बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा आणि तळावर पेन्सिलीने तारीख अन् वजन लिहायचं. आकडे सुरुवातीला भराभर उतरतात, मग रेंगाळतात, काही महिन्यांनी एके दिवशी मागचाच आकडा पुन्हा लिहावा लागतो.

तेव्हा तो वाडगा परत लेथवर चढतो. आता तो लंबगोल असतो, त्यामुळे फिरताना पटाशीची धार सुरुवातीला फक्त दोन फुगीर बाजूंना लागते. टक्-टक्, टक्-टक्. हळूहळू ठोके लांबत जातात, एकमेकांत मिसळतात आणि एकसंध सूर होतो. या खेपेला सदऱ्यावर पाणी येत नाही. भुसा उडतो, आणि कातारी तोंडाला फडकं बांधतो.